इतिहासाचें लहान उत्तर

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलामुलींच्या घरीं एक ठराविक देखावा दिसूं लागतो. हातांत गाईड आहे, ओठ हलत आहेत, आणि ‘महत्त्वाचें’ म्हणून खूण केलेलें एकेक उत्तर मुखोद्गत होत आहे. आईवडिलांसहि यांत कांहीं वावगें वाटत नाहीं. कारण गणित समजून घ्यावयाचें आणि इतिहास पाठ करावयाचा, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पुढें निकाल लागतो, आणि एवढें पाठ करूनहि गुण मध्यमच पडलेले पाहून घरांत हळहळ व्यक्त होते. अशा वेळीं परीक्षकास दोष देण्यापूर्वीं एवढेंच तपासून पाहावें कीं, प्रश्नांत जें विचारलें होतें तें उत्तरांत आलें होतें काय?

बहुधा तें आलेलें नसतें. प्रश्न ‘कां’ असें विचारतो, आणि उत्तर ‘काय झालें’ तें सांगत बसतें. पंधरा पानांच्या निबंधांत हा दोष झांकून जाऊं शकतो. परंतु दीडशें शब्दांच्या उत्तरांत त्यास लपावयास जागा नसते. म्हणूनच लहान उत्तर सोपें, ही कल्पना चुकीची आहे. मोठ्या निबंधास माहितीचा सांठा लागतो. लहान उत्तरास निवड लागते, आणि निवड करावयाची तर आधीं स्वतःचें मत ठरवावें लागतें. हें मत ठरविण्याची संवय कशी लावावी, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. त्यासाठीं उदाहरणें आमच्या भंडारा जिल्ह्यांतलीं व त्याच्या आसपासचींच घेतलीं आहेत. येथील महाविद्यालयें ज्या नागपूर विद्यापीठाशीं संलग्न आहेत तें १९२३ सालीं स्थापन झालें व आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव धारण करतें. त्याच्या परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यास नागपूरकर भोसल्यांचा काळ परका नाहीं, आणि तलावाची पाळ तर त्यानें लहानपणापासून पाहिलेली असते.

प्रश्नाचें क्रियापद

प्रथम प्रश्न वाचण्यास शिकलें पाहिजे. प्रश्नपत्रिकेंतील क्रियापदें शोभेसाठीं नसतात. ‘टीप लिहा’ म्हटलें असतां विषयाची नेमकी माहिती व तिचें महत्त्व एवढें पुरतें. ‘कारणमीमांसा करा’ म्हटलें असतां कारणांची नुसती यादी पुरत नाहीं. कोणतें कारण दूरचें, कोणतें जवळचें, कोणतें मुख्य व कोणतें आनुषंगिक, हें सांगावें लागतें. ‘मूल्यमापन करा’ याचा अर्थ एका पारड्यांत यश व दुसऱ्यांत अपयश ठेवून कांटा कोणीकडे झुकतो हें दाखवा. ‘तुलना करा’ म्हणजे अर्धें उत्तर एकावर व अर्धें दुसऱ्यावर लिहून सोडणें नव्हे. प्रत्येक मुद्द्यावर दोघांस समोरासमोर उभें केलें पाहिजे. आणि ‘कितपत’ हा शब्द तर साऱ्यांत लबाड! त्यांत परीक्षक एक विधान तुमच्या हातांत देतो आणि तें किती खरें व किती अपुरें याचा निवाडा मागतो. ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढ्यानें त्याचें समाधान होत नाहीं.

आतां प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. प्रश्न असा आहे: ‘वारसाचा अभाव या कारणामुळें नागपूरचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें, हें म्हणणें कितपत बरोबर आहे?’

पाठांतर करणाऱ्या विद्यार्थ्याचें उत्तर सामान्यतः पुढीलप्रमाणें असतें. ‘१८१८ सालीं आप्पासाहेब भोसल्यांस पदच्युत करण्यांत आलें व तिसरे रघूजी गादीवर आले. ११ डिसेंबर १८५३ रोजीं ते मृत्यु पावले. त्यांस पुत्र नव्हता. त्या वेळीं लॉर्ड डलहौसी हा गव्हर्नर-जनरल होता. त्यानें सातारा, झांशी, नागपूर इत्यादि संस्थानें खालसा केलीं. अशा रीतीनें १८५४ सालीं नागपूरचें राज्य संपुष्टांत आलें.’

यांतील एकहि वाक्य खोटें नाहीं; तरीहि प्रश्न जसाच्या तसा उभा आहे. घटना क्रमानें मांडल्या म्हणजे पहिलीमुळें दुसरी झाली असा भास आपोआप उत्पन्न होतो, आणि तो भास म्हणजेच उत्तर असें लिहिणारा समजतो. आतां याच प्रश्नाचें दुसरें उत्तर पाहा:

‘वारसाचा अभाव हें नागपूर खालसा होण्याचें निमित्त होतें, तें पुरेसें कारण नव्हतें. औरस पुत्र नसतां दत्तक घेण्याची रूढि सर्वमान्य होती. खुद्द तिसरे रघूजी हे दुसऱ्या रघूजींच्या मुलीचे पुत्र असून १८१८ सालीं इंग्रजांच्याच संमतीनें दत्तक म्हणून गादीवर आले होते. तेव्हां वारस मिळण्यासारखा नव्हता असें नसून, तो मान्य करावयाचा कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार इंग्रजांनीं आपल्याकडे घेतला होता. हें राज्य १८१८ सालीं आम्हींच दिलेलें आहे, असा त्याबाबत डलहौसीचा युक्तिवाद होता. परंतु अधिकार असणें व तो वापरण्याची इच्छा होणें या दोन निराळ्या गोष्टी होत. इच्छेचें मूळ डलहौसीच्या टिपणांतच सांपडतें: विलायतेच्या गिरण्यांस लागणारा कापूस, आणि मुंबईहून कलकत्त्यास जाणारा मार्ग आपल्या मुलुखांतून असण्याची सोय, या दोहोंचा विचार त्यांत आहे. कौन्सिलांतील कर्नल लो यांनीं खालसा करण्यास विरोध केला, यावरून तो निर्णय अपरिहार्य नव्हता हेंहि दिसतें. सारांश, वारसाच्या अभावानें संधी दिली, १८१८ च्या व्यवस्थेनें अधिकार दिला, आणि आर्थिक व लष्करी हितानें निर्णय घडविला.’

हें उत्तर विद्वत्तापूर्ण आहे असें नाहीं. दुसऱ्या वर्षाच्या कोणत्याहि विद्यार्थ्यास ठाऊक असावी एवढीच माहिती त्यांत आहे. भेद आहे तो मांडणीचा. पहिल्याच वाक्यांत निवाडा आला आहे, त्यामुळें परीक्षकास पुढें काय सिद्ध व्हावयाचें तें कळतें. त्यानंतरचें प्रत्येक वाक्य कांहीं तरी काम करतें. रघूजी स्वतः दत्तक होते ही एक गोष्ट तर साऱ्या युक्तिवादाचा कणाच आहे. ती काढली तर उत्तर कोसळतें. कोणती माहिती ठेवावी व कोणती टाकावी याची कसोटी हीच समजावी: तें वाक्य काढून पाहावें, उत्तर तसेंच उभें राहिलें तर तें वाक्य अनावश्यक होतें.

या उत्तरांत काय गाळलें आहे तेंहि पाहण्यासारखें आहे. नागपूरच्या राजवाड्यांतील जडजवाहीर, हत्ती व घोडे लिलांवांत निघाले, आणि वृद्ध बांकाबाईंनीं त्यास शक्य तेवढा विरोध केला, ही कहाणी वाचतांना मन व्यथित होतें. पण ती राज्य खालसा झाल्याच्या परिणामांची कहाणी आहे. ‘परिणाम लिहा’ या प्रश्नांत ती शोभेल. येथें ती घातली तर करुणरस वाढेल, आणि कारण मात्र जेथल्या तेथें राहील. मनास भिडणारी गोष्ट आणि प्रश्नास लागू पडणारी गोष्ट यांत फरक करणें हें इतिहासाच्या विद्यार्थ्यास सर्वांत जड जातें.

निमित्त आणि कारण

इंग्रज इतिहासकार ई. एच. कार यांनीं केंब्रिज येथें दिलेलीं व्याख्यानें १९६१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. त्यांत एक मार्मिक दृष्टान्त आहे. एक गृहस्थ मद्य पिऊन मोटार हांकीत येतो. मोटारीचे ब्रेक नादुरुस्त आहेत. वळणावर समोरचें दिसत नाहीं. दुसरा एक गृहस्थ सिगारेटी विकत घेण्यासाठीं रस्ता ओलांडीत असतो, तो मोटारीखालीं सांपडून मरतो. तो सिगारेट ओढणारा नसता तर मेला नसता, हें खरें. पण म्हणून सिगारेट ओढण्याची संवय हें त्या मृत्यूचें कारण असें कोणी म्हणत नाहीं. मद्यपान, ब्रेक आणि आंधळें वळण हींच कारणें आपण धरतों. कारण त्यांचा बंदोबस्त केला तर पुढचे अपघात टळतात. ज्या कारणापासून दुसऱ्या प्रसंगींहि कांहीं शिकतां येतें, त्यास इतिहासांत वजन द्यावें, असा या दृष्टान्ताचा मथितार्थ आहे.

हा दृष्टान्त हातीं धरून आतां भंडाऱ्याच्या खास प्रश्नाकडे वळूं. तो केवळ परीक्षेपुरता नाहीं. या जिल्ह्याचें पोटच त्यावर अवलंबून आहे. प्रश्न असा: ‘स्वातंत्र्योत्तर काळांत पूर्व विदर्भांतील मालगुजारी तलावांची दुरवस्था कां झाली?’

परगांवच्या वाचकांसाठीं थोडी पार्श्वभूमि सांगणें अवश्य आहे. वैनगंगेच्या खोऱ्यांतील हा धानाचा मुलूख. भंडारा, गोंदिया (हा १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता), चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांवर जुने तलाव आहेत. लहान बोड्या निराळ्याच. तलाव बांधण्यांत कोहळी समाजाचा हातखंडा होता. गोंड राजांच्या आश्रयानें ते बनारसकडून येथें आले अशी परंपरा सांगतात. पुढें इंग्रजी अमलांत, १८६० नंतरच्या जमाबंदींत, गांवच्या मालगुजारांस जमिनीचे मालकी हक्क मिळाले, आणि तलावांची व्यवस्था त्यांच्याकडे राहिली. स्वातंत्र्यानंतर मध्यप्रदेश सरकारनें १९५० सालीं कायदा करून मालगुजारी नष्ट केली. ३१ मार्च १९५१ पासून तो अमलांत आला व तलाव सरकारजमा झाले. १९५६ सालीं हा जिल्हा मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. १९६२ सालीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर लहान तलाव त्यांच्याकडे व मोठे पाटबंधारे खात्याकडे अशी वांटणी झाली. या सर्व घडामोडींत गाळ सांचत गेला, पाळी खचल्या, पाट बुजले, तलावांच्या पोटांत कोठें बेशरमीचें रान माजलें तर कोठें अतिक्रमण करून शेती सुरू झाली. आज या तलावांस सरकारी भाषेंत ‘माजी मालगुजारी तलाव’ व लोकांच्या तोंडीं ‘मामा तलाव’ म्हणतात.

या प्रश्नाचीं दोन ठरीव उत्तरें जिल्ह्यांत ऐकूं येतात. एक म्हणतें, ‘मालगुजारी गेली, म्हणून तलाव गेले.’ दुसरें म्हणतें, ‘लोक आळशी झाले, आतां सारें सरकारनें करावें असें त्यांस वाटतें.’ दोन्ही उत्तरें घटनाक्रमावर उभीं आहेत, आणि दोहोंतहि उत्तर देणाऱ्याचें स्थान डोकावतें.

पहिल्या उत्तराची परीक्षा करूं. मालगुजारी जाणें व तलाव बिघडणें या गोष्टी एकामागून एक घडल्या, हें निर्विवाद. पण मालगुजार करीत होता तें काय? तो पाळ बांधून घेई, गाळ काढवी, पाण्याच्या पाळ्या लावून देई. आणि श्रम असत ते गांवकऱ्यांचे. म्हणजे तलाव टिकत होता तो मालकीच्या कागदावर नव्हे, तर दरवर्षीं कोणी तरी ठरलेलें काम ठरलेल्या वेळीं करून घेई त्यावर. कायद्यानें मालकी सरकारकडे नेली. परंतु तें वार्षिक काम कोणीं करावयाचें, खर्च कोठून यावयाचा, आणि शेतकऱ्याचें पाणी निस्तार-हक्कानें फुकट कीं पाणीपट्टी देऊन, याचा उलगडा वेळेवर झाला नाहीं. पुढें राज्य बदललें, खातीं बदललीं, आणि जबाबदारी आणखी विभागली गेली. यावरून असें म्हणतां येईल कीं, मालगुजारीचें उच्चाटन हा प्रसंग होता. मालकीबरोबर देखभालीचें कर्तव्य कोणाकडेहि नीट सोंपविलें गेलें नाहीं, हें कारण होतें. ‘लोक आळशी झाले’ हें दुसरें उत्तर तर कारणच सांगत नाहीं; तें फक्त परिणामास शिवी देतें.

या दोन उत्तरांतील भेद शब्दच्छल नव्हे. पहिलें उत्तर खरें मानलें तर जुनी व्यवस्था गेली याबद्दल हळहळण्यापलीकडे कांहीं उरत नाहीं. कर्तव्य कोणाकडेच गेलें नाहीं हें उत्तर खरें मानलें, तर तें आज कोणाकडे द्यावें हा प्रश्न पुढें येतो: ग्रामपंचायतीकडे, पाणीवापर संस्थेकडे, कीं तलावांत मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या सहकारी संस्थेकडे? निदान चुकलें तर औषध चुकतें. दीडशें शब्दांच्या उत्तरांतील एका शब्दाच्या निवडीवर एवढें अवलंबून असूं शकतें.

आपलें घर आणि आपलें उत्तर

येथें एक नाजूक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. मालगुजारांत कुणबी, पोवार, कोहळी होते तसे ब्राह्मणहि होते, आणि हा अंक ज्या घरांत वाचला जाईल त्यांपैकीं कांहींत मालगुजारीच्या आठवणी अजून सांगितल्या जात असतील. आजोबांनीं बांधलेली पाळ, त्यांचा दरारा, दुष्काळांत उघडलेलें धान्याचें कोठार, या कथा खऱ्या असतील आणि त्या जपाव्यात. पण त्याच गांवांत वेठबिगार करणाऱ्या कुळाच्या घरींहि आठवणी आहेत, आणि जमिनीवरील हक्क मिळाल्याचा त्या घरचा आनंद हाहि इतिहासच आहे. महाविद्यालयांतील मुलीनें उत्तर लिहितांना घरच्या आठवणींस साक्षीदाराचें स्थान द्यावें, न्यायाधीशाचें देऊं नये. साक्ष घ्यावी, उलटतपासणी करावी, दुसरा साक्षीदार बोलवावा, आणि मग निवाडा द्यावा. ‘पूर्वीं सारे तलाव उत्तम स्थितींत होते’ हें विधानसुद्धां पुराव्यावांचून गृहीत धरूं नये. १९०८ सालीं रसेल यांनीं संपादिलेलें भंडारा जिल्ह्याचें गॅझेटियर, जमाबंदीचे अहवाल, गांवचें निस्तारपत्रक, अशीं साधनें यासाठींच असतात.

पुरावा व अनुमान यांतील अंतर शिकावयाचें तर पवनीसारखें स्थळ जिल्ह्यांत दुसरें नाहीं. तेथील जुना मातीचा तट व खंदक पूर्वींपासून सर्वांस दिसत होताच. १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खातें यांनीं मिळून तेथें उत्खनन केलें, तेव्हां जगन्नाथ टेकडी व चांदकापूर येथें बौद्ध स्तूप उजेडांत आले, आणि दात्यांचीं नांवें असलेले ब्राह्मी लेख मिळाले. स्तूप व लेख हा पुरावा. त्यावरून येथें दान देण्याइतका सधन वर्ग होता असें म्हणणें, हें सबळ अनुमान. ‘पवनींतील सर्व लोक बौद्ध होते’ असें म्हणणें, ही उडी. लहान उत्तरांत या तीन पायऱ्या स्पष्ट दिसल्या, तर परीक्षकास विद्यार्थ्याचा विचार पारदर्शक वाटतो. ‘यावरून सिद्ध होतें’, ‘यावरून दिसतें’ आणि ‘यावरून संभवतें’ हे तीन शब्दप्रयोग तोलून वापरण्याची संवय लागली, कीं अर्धें काम झालें.

घरच्या घरीं अभ्यास

याचा सराव करण्यास खर्च लागत नाहीं. आठवड्यांतून दोन प्रश्न घ्यावे. लिहावयास बसण्यापूर्वीं पांच मिनिटें लेखणी खालीं ठेवून प्रश्नाचें उत्तर एकाच वाक्यांत तोंडानें सांगावें. जें वाक्य तोंडानें सांगतां येत नाहीं, तें कागदावरहि येणार नाहीं. तें वाक्य आधीं लिहावें. मग त्याच्या पुष्टीसाठीं तीन गोष्टी निवडाव्या. त्यांतील एक तरी सालवार व नांवनिशीवार असावी. नंतर आपल्या मताविरुद्ध जाणारी सर्वांत बळकट गोष्ट कोणती तें शोधून एका वाक्यांत तिचा समाचार घ्यावा. शेवटीं पहिलें वाक्य पुन्हां न लिहितां, कोणत्या कारणास किती वजन, तें सांगून थांबावें. दीडशें शब्द झाले कीं लेखणी ठेवावी.

लिहून झाल्यावर भरतीचे शब्द खोडावे. ‘अनन्यसाधारण महत्त्व आहे’, ‘हें सर्वश्रुत आहे’, ‘इतिहासांत सुवर्णाक्षरांनीं नोंद झाली’, ‘यास अनेक कारणें होतीं’, हीं वाक्यें आपल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत पावसाळ्यांतील बेडकांप्रमाणें उगवतात. तीं कोणत्याहि राजास, कोणत्याहि लढाईस व कोणत्याहि कायद्यास सारखींच लागू पडतात, म्हणूनच तीं कशासहि लागू पडत नाहींत.

घरांतील वडीलधाऱ्यांस यांत मोठें साहाय्य करतां येईल, आणि त्यासाठीं स्वतः इतिहास शिकलेलें असण्याची गरज नाहीं. उत्तर ऐकावें आणि ‘कशावरून?’ एवढेंच विचारावें. पुढचें वाक्य आलें कीं पुन्हां ‘कशावरून?’ तिसऱ्या प्रश्नास मुलगा अडखळला, तर रागावूं नये. तो ज्या ठिकाणीं अडखळला तेथूनच त्याच्या विचारास आरंभ झाला असें समजावें. आजी स्वयंपाकघरांतून हा प्रश्न विचारूं शकते, आणि पुष्कळदां तो प्राध्यापकांच्या प्रश्नाहून अवघड असतो.

पदवी मिळेल, नोकरी लागेल, आणि भोसल्यांचे सनसनावळ्या हळूहळू विस्मृतींत जातील. त्याचें वाईट वाटून घेण्याचें कारण नाहीं. परंतु निमित्त कोणतें व कारण कोणतें, पुरावा कोठें संपतो व अनुमान कोठें सुरू होतें, आणि बोलणाऱ्याचें स्वतःचें हित त्याच्या बोलण्यांत किती मिसळलें आहे, हें ओळखण्याची दृष्टि एकदां आली कीं ती जात नाहीं. उद्यां ग्रामसभेंत तलावाच्या पाळीचा प्रश्न निघेल. त्या वेळीं ‘मालगुजार गेले, म्हणून असें झालें’ आणि ‘लोकच तसे’ या दोन आरोळ्यांच्या मध्यें उभें राहून, शांतपणें चार वाक्यांत कारण सांगणारा एक तरी तरुण किंवा तरुणी त्या सभेंत असावी. इतिहासाच्या लहान उत्तरांचा अभ्यास तिच्यासाठीं आहे.